थोरलीच्या कफनातली गाठ

प्रार्थनाघरात तिला सगळे बिनगाठी म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही, कारण याहून घाण बोलणारं माणूस तिच्या घरातच होतं.

नाव पडलं ते कामामुळं. तिथल्या यहुद्यांपैकी कुणी गेलं की त्याचं कफन ही शिवायची. यहुद्याचं कफन साधं असतं आणि सगळ्यांना एकच असतं. पेढीचा मालक गेला तरी तेच, पेढीचा झाडूवाला गेला तरी तेच. पांढरं सुती कापड. टोपी, सदरा, पावलांशी शिवून बंद केलेला पायजमा, वरून अंगरखा, कमरेला पट्टा. खिसा नाही, कारण बरोबर न्यायला काही नाही. बटण नाही. आणि गाठ तर कुठंच नाही. दोरा ओवला की टोकाला गाठ मारायची ही आपल्या हाताची जन्माची सवय. ती तिनं मोडली होती. दोऱ्याचं शेपूट सोडायचं, जागच्या जागी दोन उलटे टाके घ्यायचे आणि मग लांब लांब धावदोरा घालत सुटायचं. कमरपट्ट्यालासुद्धा नुसता पीळ द्यायचा.

दिवसा ती इस्पितळाच्या कापडखोलीत मशीनवर बसायची. फाटक्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे झगे. कफनाचं काम मात्र हातानं, घरी, खिडकीपाशी. इतकी वर्षं ते केल्यावर तिच्या हाताला गाठ येईनाशीच झाली. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तिनं लावलेलं बटण त्याच्या शर्टाला आठवडाभर टिकायचं नाही. लिफ्टच्या खड्ड्यात बॅटरी मारून तो बटणं शोधत बसायचा. म्हणायचा, "अगं बाई, मी अजून जिवंत आहे. माझ्या कपड्याला गाठ चालते!" पुढं तोही गेला. प्रार्थनाघरातले टवाळ म्हणायचे, हिच्याशी प्रत्येकाची गाठ पडणार ती शेवटचीच, आणि तीही बिनगाठीची.

आता याहून घाण बोलणारी. ती म्हणजे जाऊ, थोरली. बोळाच्या एका अंगाला बिनगाठीच्या दोन खोल्या, दुसऱ्या अंगाला थोरलीच्या दोन, आणि टोकाला दोघींत मिळून एक नळ नि एक न्हाणीघर. थोरली टेलिफोन खात्यात होती, तारा जोडून द्यायच्या कामावर. आयुष्यभर लोकांची बोलणी कानाला लावून बसलेली बाई. कुणाचं बोलणं कुठं तोडायचं हे तिला नेमकं कळायचं, आणि नोकरी सुटली तरी ती खोड काही सुटली नव्हती. बिनगाठीनं तोंड उघडलं की थोरलीनं तोडलंच.

शनिवारी शब्बाथ. त्या दिवशी कामाला हात लावायचा नाही, म्हणून सगळं काम जिभेला. दोन्ही घरं एका टेबलाशी जेवायला बसायची आणि जेवण संपायच्या आत कुणीतरी मेल्यानंतरचा विषय काढायचं. घरात कफन शिवलं जात असल्यावर दुसरा विषय कोणता निघणार?

थोरलीचे यजमान, म्हणजे बिनगाठीचे भावोजी, घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचं मत पक्कं. माणूस शेवटच्या दिवशी आहे त्या अंगानिशी उठणार. मानेच्या मागं एक बारीक हाड असतं, ते जळत नाही, कुजत नाही, हातोड्यानं फुटत नाही. त्याच हाडावर दंव पडेल आणि सगळं शरीर पुन्हा जुळून येईल. "एक चाक शाबूत राहू दे," ते म्हणायचे, "बाकीचं घड्याळ मी उभं करून दाखवतो."

लिफ्टवाला नवरा जिवंत असताना त्यांना चिडवायचा. "दादा, मोशेच्या पाचही पुस्तकांत मला एक ओळ दाखव, जिथं हे असं धडधडीत लिहिलंय. लिफ्ट खाली गेली एवढंच मला दिसतं. वर आलेली मी तरी बघितली नाही."

कधीकधी प्रार्थनाघरातले गुरुजी जेवायला असायचे. ते मऊ बोलायचे. शरीर उठेल म्हणा, पण ते काही शेवटचं नव्हे. खरं सुख आत्म्याचं. तिथं खाणं नाही, पिणं नाही, हेवा नाही, भांडण नाही; नुसतं उजेडात बसून राहायचं.

"भांडण नाही?" थोरलीनं त्यांचं तोडलं. "मग दिवसभर करायचं काय तिथं?"

थोरलीचं स्वतःचं मत वेगळंच. जीव परत जन्माला येतो, असं ती मानायची. तिची आजी तसं मानायची, आणि आजीच्या गावाकडचे सगळे यहुदी मानायचे. त्याला ते गिल्गुल म्हणत. काही करायचं राहून गेलं, काही बिघडवून ठेवलं, की जीव परत येतो, दुसऱ्या पोटी, आणि राहिलेलं पुरं करतो. "मी एकदाच्या खेपेत आटपणाऱ्यातली नाही," ती ऐटीत सांगायची.

बिनगाठीचं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, मेल्यावर काहीही असू दे, फक्त तिथं थोरली नको.

एवढं काय वाकडं होतं दोघींत? वाकडं होतं लेकीवरून. बिनगाठीला एक लेक. थोरलीला पोर झालं नाही. बिनगाठी इस्पितळात पाळीला गेली की पोरगी बोळ ओलांडून थोरलीकडं. तिथंच जेवायची, तिथंच अभ्यास, तिथंच निजायची. थोरलीला "मोठी आई" म्हणायची, आणि म्हणताना आवाज असा काही लाडात यायचा की बिनगाठीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिला नुसतं "आई". नळाला पाणी आलं की सांगतात तसं.

आणि मग लग्न. लेकीच्या लग्नाचा झगा आपण शिवायचा, हे बिनगाठीनं पोरगी पाळण्यात होती तेव्हाच ठरवलेलं. कापड आणून ठेवलं होतं, बाह्यांची नक्षी मनात काढून ठेवली होती. आठवडाभर आधी थोरली नळावर भांडं लावता लावता म्हणाली, "झगा बाहेर टाकलाय शिवायला. मढ्यांचे कपडे शिवणाऱ्या हातानं नवरीचा झगा नको." एवढंच. भांडं भरलं, उचललं, गेली. लग्नात बिनगाठी एका कोपऱ्यात बसून त्या झग्याच्या घेराची टीप बघत होती. मशीनची टीप, वाकडी, एका जागी कापड गोळा झालेलं. तिनं त्या दिवशी काही खाल्लं नाही. त्या दिवसापासून ती थोरलीशी कामापुरतं बोलायची, तेही "तुम्ही" म्हणून, दाराला कडी घालावी तसं.

तर अशा त्या दोघी, आणि थोरलीच्या पोटात गाठ निघाली.

डॉक्टरांनी फोटो काढले, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले, आणि मग भावोजींना बाहेर बोलावलं. थोरलीनं आतून हाक मारली, "आत येऊन बोला. लोकांचं चोरून ऐकण्यात माझं आयुष्य गेलंय, माझं स्वतःचं मी चोरून ऐकणार नाही." डॉक्टरांनी सांगितलं. कापून उपयोग नाही. थोरली घरी आली, खिडकीकडं तोंड करून पलंगावर पडली आणि माणसं बोलवायला लागली.

लेक तेव्हा पोटुशी होती, पोट चांगलं दिसायला लागलेलं. रोज यायची, आईच्या दारावरून सरळ पुढं जायची आणि मोठ्या आईचे पाय दाबत बसायची. एक दिवस बिनगाठी पेज घेऊन गेली. भावोजींना जमत नसे म्हणून ती रोज पेज करून द्यायची. तेवढं ती करायची, पण वाटी टेबलावर आपटून ठेवायची. ती आत गेली तर लेक मुसमुसून रडत होती आणि थोरली तिच्या पोटावर हात ठेवून सांगत होती, "रडतेस काय वेडे? मी कुठं जात नाही. इथंच येणार. ह्याच पोटी."

"खरंच, मोठी आई?"

"मी काय खोटं बोलते? बोळ ओलांडायचा तेवढा."

लेकीनं रडता रडता हसून आईकडं बघितलं, जसं काही आईनंही हसावं. बिनगाठी वाटी हातात धरूनच पुढं झाली.

"जाऊबाई," ती म्हणाली, "एक पोरगी घेतलीत. पोट भरलं नाही का?"

"आई!" लेक ओरडली.

"वाटी ठेव आणि जा," थोरली म्हणाली. "पेज गार होते, आणि तू तापतेस."

बिनगाठी तशीच प्रार्थनाघरात गेली. गुरुजी पुस्तकांची धूळ झटकत होते. तिनं दारातूनच विचारलं, "पोटातल्या पोरात जीव कधी येतो?"

गुरुजींना सुखाचा विषय मिळाला. ते म्हणाले, यावर फार जुना वाद आहे. कुणी म्हणालं, पोरानं आकार धरल्यावर. कुणी म्हणालं, बीज पडतं तेव्हाच; कारण मीठ न लावलेलं मांस जसं टिकत नाही तसं जिवाविना बीज टिकणार नाही. आणि बहुतेकांनी हे दुसरं मान्य केलं.

"म्हणजे माझ्या लेकीच्या पोटात जो आहे, त्याचा जीव त्याच्यात आहेच."

"तसंच म्हणायला हवं."

"जागा भरली."

"काय?"

"काही नाही," म्हणत ती निघाली आणि धापा टाकत थोरलीच्या खोलीत आली. लेक गेली होती. "जाऊबाई, गुरुजींना विचारून आले. तिच्या पोटात आधीच जीव आहे. जागा भरलेली आहे. दुसरं घर बघा."

थोरलीचं तोंड त्या दुखण्यात एवढंसं झालं होतं, पण ते हसलं तेव्हा जुनंच झालं. "एका घरात दोन जीव राहत नाहीत होय? अगं, एका अंगात दुसरा जीव पाहुणा म्हणून येतो, हेही लिहिलेलं आहे. तुझ्या गुरुजीला पुढचं पान वाचायला सांग. पुढच्या खोलीत तो, मागच्या खोलीत मी. नळ एकच. आपण दोघी नाही राहिलो?"

तोंडात मारल्यासारखी बिनगाठी परत आली.

आता तुम्ही म्हणाल, मरणाऱ्या बाईचं बोलणं, सोडून द्यावं. पण ते तिला सोडता येईना, कारण थोरलीचं खरं होवो न होवो, लेकीनं ते खरं धरलं होतं. उद्या पोर झालं की लेक त्याच्या तोंडाकडं बघून मोठी आईच शोधणार. रडलं की मोठी आई, हसलं की मोठी आई. लेक गेली होतीच. आता नातवंडही त्या खोलीत जाणार, आणि तेही खोलीतलं माणूस मेल्यावर.

तिच्या मनात गाठ आली ती तेव्हा.

गाठ का नसते, हे तिनं आजवर विचारलं नव्हतं. आईनं शिकवलं, ती शिकली. आता तिनं भावोजींच्या दुकानात जाऊन विचारलं. ते डोळ्याला भिंग लावून बसले होते. म्हणाले, "साधं आहे. शेवटच्या दिवशी उठायचं, तर कपडा पटकन सुटला पाहिजे. सगळे निघालेत आणि आपण गाठ सोडत बसलोय, असं व्हायला नको." बिनगाठीला ते चित्र आवडलं. सगळं गाव उठून चाललंय आणि थोरली मागं एकटी नखानं गाठ उकलत शिव्या देतेय. गुरुजी म्हणाले, "काही नाही हो, खूण आहे नुसती. जगाशी बांधलेलं सगळं सुटलं, एवढंच." आणि मेलेल्या बायकांना आंघोळ घालणारी एक म्हातारी होती, तिनं इकडंतिकडं बघून सांगितलं, "गाठ असली की जीव अडकतो, बाई. अंगापाशीच घुटमळत राहतो. कुठं जाता येत नाही त्याला."

कुठं जाता येत नाही. बस, हेच हवं होतं.

थोरलीला तिच्या मनातलं कसं कळलं ते देव जाणे. की दुकानात विचारलेलं भावोजींनी घरी जाऊन सांगितलं? ते साधे होते, सांगितलंच असणार. कारण दुसऱ्याच दिवशी निरोप आला. माझं कफन आता शिव. माझ्यासमोर शिव. मी डोळ्यांनी बघणार.

जिवंतपणी कफन करून ठेवणं तसं नवीन नाही. पुष्कळ म्हातारे करून ठेवतात आणि त्यानंतर चांगले जगतातही. पण शिवताना बघत बसणारं गिऱ्हाईक बिनगाठीला कधी मिळालं नव्हतं. ती दुपारी कापड घेऊन गेली. थोरलीला उशा लावून बसवलं होतं. भावोजी दुकानात. खोलीत दोघीच.

"माप घेणार नाहीस?" थोरली म्हणाली.

"मापाची गरज नसते."

"ढगळ करू नकोस. मी बारीक झालेय."

"आणखी व्हाल."

थोरली मनापासून हसली आणि मग कळ आली म्हणून थांबली. बिनगाठीनं सदऱ्याचं कापड फाडलं. पायजमा बेतला. खांद्याची शिवण धरली. थोरली तिच्या बोटांकडं डोळ्यात तेल घालून बघत होती.

"टाके एवढे लांब?"

"कफनाचे असेच असतात."

"उसवतील."

"कुणाला दाखवायला जायचंय तुम्हाला?"

"माझ्या नवऱ्याला दाखवलं नाही तरी तुझ्या नवऱ्याला दिसेल. त्याच्या शेजारची जागा माझी आहे, माहिती आहे ना?"

माहिती होतं. दफनभूमीत घराण्याची एक रांग होती. लिफ्टवाला, त्याच्या एका बाजूला थोरलीची जागा, तिच्या पलीकडं भावोजींची. बिनगाठीची लिफ्टवाल्याच्या दुसऱ्या बाजूला.

बाह्या झाल्या. अंगरखा झाला. उरला पायजमा. पावलांपाशी शिवण बंद करायची होती, ती तिनं मुद्दाम शेवटी ठेवली होती. कापड मांडीवर दुमडून घेतलं, हात त्याच्याखाली घातला आणि दोऱ्याच्या टोकाला गाठ मारली. जमली नाही. बोटांना ठाऊकच नव्हती. दोरा निसटला. पुन्हा मारली, पुन्हा निसटला. एवढीशी गाठ, शाळेतलं पोर मारील, आणि ही घामाघूम. तिसऱ्यांदा मात्र बसली. तिनं सुई आरपार ओढली, आणि कापडाला आतून टुचकन धक्का बसला.

"मारलीस," थोरली म्हणाली.

बिनगाठीनं मान वर केली नाही. "हो. मारली."

"कापड हललं. बिनगाठीचा टाका असा हिसका देत नाही." थोरली उशीवरून पुढं झुकली. मग म्हणाली, "सोड ती."

"नाही सोडत."

"मला अडकवतेस?"

"माझ्या नातवंडात येता कामा नये तुम्ही. लेक घेतलीत, पुरे."

"बरं. राहू दे मग." थोरलीनं डोळे मिटले. "मी कुठं जाणार नाही. तिथंच राहीन, त्या मातीत, तुझ्या नवऱ्याच्या शेजारी. पहिली काही वर्षं आम्ही दोघं गप्पा मारू. तसा तो मला मानायचा. मग तू येशील त्याच्या पलीकडं. आणि मग, धाकटे, आपण तिघं. तुझे भावोजी म्हणतात तसं सगळे उठेपर्यंत. किती वर्षं होतील गं? मला मोजता येत नाही. तेवढी वर्षं मी तुझ्याशी बोलत राहीन आणि तुला उठून बोळ ओलांडून घरात जाता येणार नाही."

बिनगाठीची सुई थांबली. हे तिनं धरलंच नव्हतं. मोकळी सोडली तर पोटात येते, बांधली तर उशाशी राहते.

"तुमच्यापायी मला मरायचीसुद्धा सोय नाही," ती म्हणाली.

"नाहीच." थोरलीनं डोळे उघडले. आता त्यात मघाचं हसू नव्हतं, दुसरंच काही होतं, कडू. "आणि अडकवायचंच तर नीट कारण धरून अडकव. झग्यासाठी अडकवतेस ना मला? तो झगा तुझ्या लेकीनंच नको म्हटला होता. माझ्यापाशी येऊन रडली. आईच्या हाताला कफनाचा वास येतो म्हणाली. तुला सांगायची तिची छाती नव्हती. मग मी सांगितलं. तुझ्या शिव्या खायची मला सवय होती."

"खोटं."

"विचार तिला."

खिडकीबाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं, त्याचे धप धप आवाज तेवढे येत राहिले. बिनगाठीनं आपले हात बघितले. मग ते नाकाशी नेले, थोरलीच्या समोर, न लाजता. नव्या सुताचा वास होता. मग तिला इतका राग आला की तो कुणाचा हेच कळेना. थोरलीचा म्हणावा, तर खोटं असेल तर तिचा आणि खरं असेल तर तिचाच; एवढी वर्षं हे पोटात ठेवून आज, मरताना, सुरीसारखं काढलं म्हणून. लेकीचा म्हणावा, तर तो करायची तिची हिंमत नव्हती. विचारलं असतं तर लेकीनं खरं सांगितलं असतं. म्हणूनच तिनं पुढं कधी विचारलं नाही.

"का सांगितलंत?" ती म्हणाली. "तसंच घेऊन मेला असतात तर काय बिघडलं असतं?"

"पायाला गाठ मारतेस, आणि मी गोड बोलू?"

बिनगाठीनं पायजमा उलटा केला. सुईच्या टोकानं गाठ सैल केली, दोरा उपसून काढला आणि फेकला. नवा दोरा ओवला, शेपूट सोडलं, दोन उलटे टाके घेतले.

"घाबरलीस," थोरली म्हणाली.

"घाबरते माझी खेटरं," बिनगाठी म्हणाली. हात भराभर चालला होता. "तुम्ही याच, जाऊबाई. खुशाल या. पुढच्या खोलीत या, मागच्या खोलीत या. पण येताना कशा याल? एवढ्याशा याल. दात नसतील. मान धरता येणार नाही. तोंडातून एक शब्द फुटणार नाही, वर्षभर तरी. मी बोलत राहीन आणि तुम्हाला तोडता येणार नाही. तुमची लंगोटी मी बदलणार. तुमचं अंगडं-टोपडं मी शिवणार, ह्याच मढ्याच्या हातांनी, आणि तुम्ही ते घालणार. बघू तेव्हा कुणाला वास येतो."

थोरलीनं तोंड उघडलं. बिनगाठीनं पहिल्यांदाच तिचं तोडलं. "पाय हलवू नका. पलंग हलतो, शिवण वाकडी जातेय."

थोरलीनं पाय आखडून घेतले आणि म्हणाली, "पाणी जास्त गरम घेऊ नकोस. आंघोळीचं."

"ते मी बघीन."

त्यानंतर थोरली फार जगली नाही. आंघोळ घालणाऱ्या म्हातारीनं कफनाच्या सगळ्या शिवणींवरून बोट फिरवलं आणि मान डोलावली. लेकीला पोटुशी म्हणून दफनभूमीत नेलं नाही. ती घरी बसून हमसून रडली. सगळं आटपून आल्यावर गुरुजींनी भावोजींना रीत समजावली. गेलेल्यासाठी प्रार्थना अकरा महिने म्हणायची. बारा नाही, कारण पूर्ण बारा महिने शुद्ध व्हायला फक्त दुष्ट जिवाला लागतात, आणि आपल्या माणसाला आपण दुष्ट म्हणत नाही. बिनगाठी पलीकडं खुर्च्या उचलत होती, ती म्हणाली, "बारा म्हणा, भावोजी. उगाच कमी पडायला नको." भावोजी दुःखात होते तरी हसू आवरायला त्यांना तोंड फिरवावं लागलं. लेक मात्र हसली नाही. उठली, चपला घातल्या आणि निघून गेली. "पोर झालं तरी मला बघायला येऊ नकोस," जाताना म्हणाली. "मोठी आई त्यात असेल. तिला तुझं तोंड बघायला लावायचं नाही मला."

कापडखोलीत मऊ सुती तुकडे उरायचे ते मागून आणून बिनगाठीनं अंगडी शिवायला घेतली. लेकीला निरोप पाठवला नाही, माफी मागितली नाही. टोपडी केली, बंद लावले.

जावई मोटार चालवायला शिकवायचा, सबुरीचा माणूस. पोर झालं त्या सकाळी त्यानं बायकोला न विचारता फोन केला. "या तुम्ही. ती ओरडेल. मला सवय आहे ओरडणाऱ्यांच्या शेजारी बसायची."

बिनगाठी गेली. लेक पलंगावर, डोळे सुजलेले, केस चिकटलेले. आईला बघून तिनं तोंड भिंतीकडं केलं. पोर जावयाच्या हातात होतं आणि अख्खा मजला डोक्यावर घेत होतं.

"मुलगा आहे," जावई म्हणाला.

बिनगाठी थबकली. "मुलगा?"

"जीव बाईचा पुरुषातही येतो," लेक भिंतीकडं बघतच म्हणाली. "मोठी आई म्हणायची."

"येऊ दे की. मी कुठं नाही म्हणतेय?" बिनगाठीनं जावयाच्या हातून पोर घेतलं, खांद्यावर टाकलं, पुन्हा खाली घेऊन त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं. लाल, सुरकुतलेलं, रागानं थरथरणारं तोंड आणि आवळलेल्या मुठी. "काय हो," ती त्याला म्हणाली, "एवढा आरडाओरडा? आलात ना तुम्ही हवं तिथं? मग आता गप बसा."

"त्याला 'तुम्ही' काय म्हणतेस?" लेक मागं वळली.

"मग काय म्हणू? थोरल्या जावेला एकेरी म्हणू?"

पोर आणखी जोरात रडलं. बिनगाठीनं पिशवीतून अंगडं-टोपडं काढलं, एका हातानं त्याच्या मुठी एकेक करून बाहीत घातल्या. त्यानं लाथा झाडल्या. तिनं लाथ धरली आणि पाय अंगड्याच्या घेरात कोंबला.

"झाडा लाथा. अजून एक आठवडा आहे तुम्हाला. आठव्या दिवशी सुंता करायला सुरीवाले येतील, तेव्हा कळेल पुरुषाच्या जन्माला येणं म्हणजे काय असतं. पळून जावंसं वाटलं तर आताच जा. नाही? राहायचं? बरं. राहा मग. पण ह्या घरात रडायचं ते भूक लागली म्हणून रडायचं, मला टोचायला रडायचं नाही."

लेकीला हसू आलं आणि हसताना टाके दुखले, म्हणून तिनं शिवी दिली. आईला दिली की पोराला, ते नीट कळलं नाही. "दे इकडं," ती म्हणाली. "भूकच लागलीय त्याला."

"थांब. बंद बांधते आधी," बिनगाठी म्हणाली, आणि खाली मान घालून टोपड्याचे दोन बंद धरून बसली. बोटांना काही ते लवकर जमेना.